भुईआवळ्याचं पथ्य

भुईआवळा म्हणजे काही डोंगरातली दुर्मीळ वनस्पती नव्हे. पावसाळ्यात अंगणात, दगडी गडग्याच्या बुडाशी, विहिरीच्या कठड्याला कुठेही उगवतो आणि अंगण झाडणारी बाई त्याला उपटून फेकते. आमच्या घरात मात्र त्याच रोपावर तीन पिढ्या कावीळ उतरवत आल्या. सासूने हे औषध माझ्याकडे सोपवलं, तेव्हा नियमही दिले. सकाळी चूळ भरायच्या आत, कुणाशी न बोलता रोप मुळासकट उपटायचं. पाट्यावर वाटून ताकातून उपाशीपोटी द्यायचं, तीन दिवस. पैसे घ्यायचे नाहीत. रोपाचं नाव सांगायचं नाही.

या शेवटच्या नियमाची मला गंमत वाटायची. माणूस माझ्या अंगणातला भुईआवळा चपलेखाली तुडवत यायचा आणि विचारायचा, "काकी, ह्या औषध घाटावरसून आणतास काय?"

रोग्यालाही पथ्य असे. तेल नको, हळद नको, मासे तर नकोतच. आणि त्या तीन दिवसांत डॉक्टरचं औषध पोटात जाता कामा नये. गुण आला तर तो औषधाचा; नाही आला तर रोग्याने पथ्य मोडलं. यात आमच्या घराला दोष लागायची सोयच नव्हती. हे मला साठी उलटल्यावर कळलं, आणि ज्या दिवशी कळलं त्या दिवशी धनेश चार खांद्यांवरून गेला होता.

धनेश शेजारच्या काशीबाईचा मुलगा, छत्तीस वर्षांचा. लावणीचे आठ दिवस तो गुडघाभर चिखलात होता, मग ताप आला. सोमवारी सकाळी त्याची बायको शर्मिला त्याला स्कूटरवर मागे बसवून माझ्याकडे घेऊन आली. डोळे पिवळे होते, पण लालही होते. पायरीवर त्याला बसता येईना, पोटऱ्या दुखतात म्हणाला. चाळीस वर्षं मी कावीळ बघतेय, काविळीत पोटऱ्या अशा दुखत नाहीत. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लेप्टोचा कागद लावला होता, चिखलात काम करणाऱ्याला ताप आला तर लगेच दवाखाना गाठा म्हणून. तो मी वाचला होता. मनात आलं ते सगळं. पण दारात आलेल्या माणसाला 'हे माझ्या औषधाचं काम नाही' असं आमच्या घरातून कधी कुणी म्हटलं नव्हतं. मी ताकाचा पेला त्याच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शर्मिला एकटीच धावत आली.

"काकी, सकाळधरना लघवी होना नाय. आचऱ्याक डॉक्टराकडे न्हेव काय?"

"उद्याचो एक दिवस रवलो गो," मी म्हटलं. "मधीच दुसरा औषध गेला तर ह्येचो गुण जाता."

ती परत गेली. तिने माझा शब्द मानला, कारण सगळं गाव मानतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी धनेशची शुद्ध हरपली. ओरोसच्या मोठ्या दवाखान्यात नेला, पण पहाटे गेला. डॉक्टर म्हणाले, लेप्टो होता, दोन दिवस आधी आणायला हवा होता.

डॉक्टरचं बोलणं चिता विझायच्या आत मागे पडलं. कारण शर्मिलेनेच रडता रडता सांगून टाकलं, की पहिल्या दिवशी पेज त्याच्या घशाखाली उतरेना म्हणून तिने भाजलेल्या सुक्या बांगड्याचा एक तुकडा तोंडी लावायला दिला होता. झालं! गावाला उत्तर मिळालं. काशीबाईने जाहीर करून टाकलं, बाराव्याचं जेवण झालं की सून वैभववाडीला माहेरी जाईल आणि परत या घराची पायरी चढणार नाही.

आणि शर्मिलेलाही ते पटलं होतं. माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "काकी, मीच मारलंय त्येका." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि तोंड उघडलं नाही. आयुष्यात मी इतकी नीच कधी वागले नव्हते. दहा रात्री मला झोप नाही. बाई माझ्या वाट्याचं पाप डोक्यावर घेऊन माहेरी निघाली होती आणि मी तिला धीर देत होते.

बाराव्याला पानं उठली, माणसं घरापुढच्या खळ्यात बसली होती. शर्मिलेची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. मी उभी राहिले.

"काशीबाय, धनेश माशान नाय मेलो. त्येका लेप्टो होतो. माका पयल्याच दिवशी संशय इल्लो. शर्मिला डॉक्टराकडे न्हेवक निघाल्ली, तिका मी अडवलंय."

कुणीतरी शिव्या द्याव्यात, अंगावर धावून यावं, असं मला मनापासून वाटत होतं. पण बाबली, धनेशचा चुलता, ज्याच्या मुलाची कावीळ मी उतरवली होती, हळूच म्हणाला, "वैनी, तुमच्या औषधान माजो झील उठान बसलो. ता औषध कसा चुकात?"

"औषध चुकला नाय, मी चुकलंय!" मी ओरडलेच.

काशीबाई उठली. तिने माझे दोन्ही हात धरले. तिचे डोळे भरून आले होते. "विमल, तुजा मन मोठा आसा," ती म्हणाली. "पण तिचा पाप तू कित्याक आपल्या पदरात घेतंस?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. एका बाईने माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागे घेतले, तर तिला तोही माझा मोठेपणाच वाटला.

शर्मिला मात्र दारातून माझ्याकडे बघत होती. तिचं रडणं थांबलं होतं. माणसं हलली, तशी ती पिशवी उचलून पायऱ्या उतरली आणि माझ्या समोर येऊन उभी राहिली. माझं बोलणं त्या खळ्यात फक्त तिला खरं वाटलं होतं.

"मी इचारलंय तुमका," ती म्हणाली. "तेवा न्हेलो असतो, तर तो वाचलो असतो?"

"कदाचित" म्हणता आलं असतं. "देवाच्या मनात" म्हणता आलं असतं.

"होय गो," मी म्हटलं. "वाचलो असतो."