बारा बायांचं अ‍ॅप

"याडी, शेतकऱ्यानं बटन दाबलं की बाया शेतात हजर. तू नुसतं बघ."

योगेशनं मोबाईल आईच्या हातात दिला. भिकाबाईनं तो हातभर लांब धरून पाहिला. तांड्यातल्या बारा खुरपणाऱ्या बाया आत फोटोसकट बसल्या होत्या. पारुबाई चक्क हसत होती.

ह्या बारा जणींची टोळी भिकाबाई वीस वर्षं चालवत होती; तेरावी ती स्वतः. कुणाच्या शेतात कधी जायचं, ते तीच ठरवी. योगेश पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. आठवडाभर अ‍ॅप चालवून बघायचं, रविवारी आईनं 'चालतं' म्हटलं की नोकरी सोडून गावी यायचं, असं त्यानं ठरवलं होतं. ऑफिस घराच्या पुढच्या खोलीत. भिकाबाईनं ती खोली आदल्याच दिवशी सारवून घेतली. परीक्षकानं निकालाआधी हार आणून ठेवावा, तसं.

बुधवारी पाऊस उघडून दोन दिवस झाले होते. सात मिनिटांत नऊ शेतकऱ्यांनी बटन दाबलं.

"नऊ ऑर्डरी, याडी! मागणी बघ!"

"पाऊस समद्यायचा एकाच दिशी उघडला. मागनी काहून न्हाई राहणार? बाया तं बाराच हायेत."

पहिलं बटन सोनाजीचं होतं, म्हणून टोळी सोनाजीकडं गेली. त्याचं रान काळं, ओढ्याकाठचं. वापसा यायला, म्हणजे ओल उतरून माती खुरपण्याजोगी व्हायला, अजून चार दिवस होते. बाया पोटरीपर्यंत रुतल्या. तिकडं देविदासचं मुरमाड रान वाळून असं कडक झालं की खुरपं शिरेना. देविदासनं तक्रार अ‍ॅपवर केली नाही. भिकाबाईला फोन केला.

"मावशी, तुमचं मशीन शेती करून राहिलं का मजाक?"

योगेश खचला नाही. "मातीचा रकाना टाकतो," म्हणाला.

मग भिकाबाईनं सांगितलं, टोळीतल्या शीतलला सहावा महिना आहे, तिला लांब चालवायचं नाही. पारुबाई आणि तिची जाऊ शेजारी बसवल्या की तण जागेवर राहतं आणि भांडण वाढतं. शनिवारपर्यंत रकाने सतरा झाले. ते भरायला शेतकऱ्याला अर्धा तास लागे. भिकाबाईला फोन लावायला एक मिनिट.

"एवढं समदं करायचं तू किती घेते, याडी?"

"कशाचं?"

"बाया मिळवून द्यायचं."

"त्याचे काय पैसे घ्यायचे? मी बी खुरपतेच की. माझा रोज मले भेटते."

अ‍ॅपमध्ये पैसे घालतील अशा शहरातल्या लोकांना दाखवायला योगेशनं एक तक्ता केला होता. त्यात 'प्रतिस्पर्धी' ह्या शब्दापुढं 'कोणी नाही' असं लिहिलेलं होतं. ते त्यानं खोडलं. त्या जागी 'याडी' लिहिलं.

रविवारी त्यानं विचारलं, "बोल. चालंल का?"

दारातून सारवलेली खोली दिसत होती. 'चालंल' म्हणायला काही खर्च पडत नव्हता. पोरगं घरी आलं असतं, साठवलेले पैसे पुरतील तोवर, निदान दोन वर्षं तरी. वीस वर्षांत भिकाबाईनं कुणा शेतकऱ्याला तोंडावर नाही म्हटलेलं नव्हतं. 'येतो जी परवा' म्हणायची, आणि परवा जायची.

"न्हाई चालत, बेटा."

"नीट इचार कर."

"केला. चार रोज लोक तुह्या तोंडाकडं बघून बटन दाबतीन. मंग मलेच फोन लावतीन. तू इथं बसून काय करशीन?"

"तुह्यासंगं राहीन."

"दुपारची गाडी धर," भिकाबाई म्हणाली, आणि त्याच्यासाठी भाकरी बांधायला उठली.

सोमवारी टोळी पुन्हा सोनाजीच्या रानात गेली. आता ते बराबर झालं होतं. बायांनी पिकाच्या ओळींमधली एकेक पात धरली. नेहमी सगळ्यांच्या पुढं असणारी भिकाबाई त्या दिवशी निम्म्यातच मागं पडली. पारुबाईनं आपली पात पुरी केली, वळून पाहिलं, आणि पलीकडच्या टोकापासून भिकाबाईच्या पातीतलं तण काढत आली.

दोघींची खुरपी मधे भेटली. भिकाबाई उठली, लुगडं झटकलं, आणि तिनं पुढची पात धरली.