डावी चेन थोरल्याची, उजवी धाकट्याची

मी लोडर बोलतोय. रबरी चाकांवर तुरुतुरु पळणारा नव्हे, लोखंडी चेनवर सरपटणारा. जन्म एक्क्याऐंशी सालचा. तरुणपण एका धरणाच्या कामावर गेलं. धरण झालं, माझा लिलाव झाला आणि बदनापूरजवळच्या तातेरावांनी मला घरी आणलं. हळदीकुंकू लावलं, बायकांनी ओवाळलं. माणसांना ओवाळायची फार हौस. ग्रीसचं कुणी विचारत नाही. ते विचारायचा फक्त माझा ड्रायव्हर, रामकिसन.

तातेराव गेले आणि तेरावा होतो न होतो तोच थोरला बद्रीनाथ आणि धाकटा कारभारी या त्यांच्या पोरांनी वाटणी मांडली. शेत वाटलं, गोठा वाटला, पितळी हंडेसुद्धा वाटले. राहिलो मी. गावातली पिकल्या मिशांची थोर माणसं पंच म्हणून बसली. सकाळभर पान चघळून त्यांनी निवाडा दिला: इंजिन सामाईक, डावी बाजू थोरल्याची, उजवी धाकट्याची. ज्याची बाजू, त्याचा खर्चा. सगळ्यांनी माना डोलावल्या. आयुष्यभराचा अनुभव म्हणतात तो एवढाच असेल, तर म्हातारं तरी कशाला व्हायचं?

तसंच ओढत राहिलो. पुढे दोन्ही चेन ढिल्या पडल्या, खालचे रोलर झिजले, दातेरी चाकांचे दात बोथटले. अशात कुंभार पिंपळगावच्या तलावातला गाळ काढायचं काम आलं. हे काम हातचं गेलं की मी भंगारात, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. नवा माल परवडणारा नव्हता. रामकिसनने जालन्यातली भंगाराची दुकानं पालथी घातली, तेव्हा कुठे माझ्याच जातीच्या एका मेलेल्या लोडरच्या दोन्ही बाजू मिळाल्या. चेन, रोलर, चाकं, सगळं वापरलेलं, पण सारखं झिजलेलं. भाव वाजवी. दुकानदार फक्त जोडी फोडायला तयार नव्हता.

"मालक, पुन्हा न्हाई भेटायचं आसं," रामकिसन म्हणाला. "जल्दी करा."

"माही बाजू मी घेतो," बद्रीनाथ म्हणाला. "कारभारी, तुही तू घे."

"माही आजून दोन साल चालती, दादा. लोडर सारखा तुह्याच वावरात राबला. झिजली आसंल तुही."

जसं काही माझी डावी बाजू एकटीच त्याच्या वावरात जाऊन यायची.

बद्रीनाथची बायको उषाबाई चुलीपासून म्हणाली, "एका पायात जोडा अन् दुसरा अनवाणी, आसं कुणी चालतं का, भावजी?"

"वहिनी, तुमी भाकरी बघा."

शेवटी बद्रीनाथने जोडी घेतली. डावी बाजू मला बसवली आणि उजवी स्वतःच्या गोठ्यात ताडपत्रीखाली झाकली.

"लावू द्या की मालक," रामकिसन गयावया करत म्हणाला. "काम झालं की काढून देतो."

"त्याच्या बाजूला माहा माल? बिलकुल न्हाई."

"फुकट दिली तरी मी लावणार न्हाई," कारभारी म्हणाला.

"देऊन कोण राह्यलं?"

तसाच गेलो तलावात. डावी बाजू ठणठणीत, उजवी लुळी. सरळ जायला गेलो की उजवीकडे वळायचो. रामकिसन घामाघूम होऊन मला रेषेत आणायचा. गाळ निम्माही निघाला नव्हता तोच उजवी चेन उतरली आणि पाठोपाठ तुटली. मग मी एका जागी गरगर फिरलो. काठावरची माणसं पोट धरून हसली. ठेकेदाराने दुसरी मशीन आणली. रामकिसनने खाली उतरून माझ्या बोनेटवर हात ठेवला. आता तो कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर आहे.

मला विकायला मात्र दोघं भाऊ एकाच मोटारसायकलवर आले. गोठ्यातली न बसवलेली चेनही टेम्पोत घालून मागून आणली. वजनकाट्यावर कुणी डावं-उजवं काढलं नाही.

आता मी जालन्यात सळईच्या कारखान्याच्या आवारात पडलोय. एक-दोन दिवसांत भट्टीत जाईन, सळई होऊन निघेन. मरायची भीती नाही. ऐकलंय ते वेगळंच. माझ्या पैशांतून दोघा भावांनी अंगणात मधोमध भिंत घालायला काढली आहे. तिचा खर्चा बराबर निम्मा-निम्मा, एका शब्दाची कुरकुर नाही. एवढी एकी माझ्या चेनसाठी दाखवली असती तर!

कारखान्याच्या मालका, मला पुलात घाल, शाळेत घाल, अगदी संडासाच्या छतात घाल. तेवढं त्या भिंतीत घालू नकोस.