पायाकडची हवा

सायमा मंगळवारी आली, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे मी ओळखलं. तिचा दिवस गुरुवार. सहा वर्षं झाली, तिचा नवरा व्हर्नर गेल्यापासून ती दर गुरुवारी त्याची लांबलचक गाडी घेऊन माझ्या गॅरेजात येते, वेलदोड्याचा नीसू पाव फडक्यात गुंडाळून आणते आणि गाडीत काहीतरी बिघाड काढते. कधी खडखड होते म्हणे, कधी वास येतो म्हणे. निम्म्या वेळा गाडीला ढिम्म काही झालेलं नसतं. मी बॉनेट उघडून तासभर उगाच खुडबुड करतो आणि मग आम्ही दोघं स्टोव्हजवळ बसून कॉफी पितो. अख्ख्या आठवड्यात मी कुणाशी बोललो असं म्हणायचं तर तेवढंच.

आणि बोललो म्हणजे तरी काय, कपाळ! मला ऐकू येत नाही. जाडे आवाज येतात. बर्फ काढायचा ट्रक चालवणारा डेल्मर रोज सकाळी माझ्याकडे फुकटची कॉफी ढोसायला येतो, त्याचा आवाज रेड्यासारखा, तो येतो. पण बायकांचं बोलणं, पोरांचं बोलणं, पाखरं, शिट्ट्या, हे सगळं कुठे गेलं देव जाणे. सायमाचं बोलणं माझ्यापर्यंत निम्मंअर्धंच पोचतं. उरलेलं मी तिच्या ओठांवरून जुळवतो.

हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. इथे सरोवराच्या काठच्या गावांत माझं नाव झालं ते कानामुळे. ‘ओन्नीला इंजिन नुसतं ऐकवा, तो सांगेल काय दुखतंय ते,’ असं लोक म्हणायचे. आता बहिऱ्या मेकॅनिककडे गाडी कोण आणणार? गॅरेज बंद झालं की माझे गुरुवारही बंद. म्हणून मी गप्प.

तर मंगळवारी गाडीच्या मागच्या सीटवर दोन बॅगा होत्या आणि शिवणाचं मशीन. सायमा माझ्या अगदी समोर उभी राहिली, म्हणून तिचं बोलणं नीट कळलं.

“मिनिआपोलिसला चाललेय मी. मार्लिसकडे.”

“किती दिवस?”

“कायमची. दोन वर्षं लेक मागे लागलीय. परवा घरातला पाइप परत फुटला, स्वयंपाकघरात घोट्याएवढं पाणी. एकटीनं किती करायचं, सांग?”

मी हातातलं फडकं उगाच पिळत बसलो.

“सात तासांचा रस्ता आहे आणि माझे पाय गारठून लाकूड होतायत,” ती म्हणाली. “पंखा जोरात फिरतो, पण हवा सगळी समोरच्या काचेवर. बटण कुठेही फिरव. सपाटीवर कधीतरी येते जराशी पायाशी, चढ लागला की गेली परत काचेवर. बघ ना काय झालंय. दुपारच्या आत निघायचंय, संध्याकाळी बर्फ सांगितलंय.”

टायरच्या चळतीवरून डेल्मर गरजला, “ओन्न्या, दुरुस्त करूच नकोस! म्हणजे जातेय कशी बघू!”

सायमा हसली. मला हसू आलं नाही, कारण माझ्याही मनात नेमकं तेच आलं होतं.

या जुन्या गाड्यांची हवा तारांवर चालत नाही, ओढीवर चालते. इंजिन हवा ओढतं. ती ओढ बारीक बारीक नळ्यांतून डॅशबोर्डमागे जाते, तिथे चपट्या डब्या असतात, डबीत रबरी पडदा. ओढ लागली की पडदा मागे सरकतो आणि हवेची झडप हवी तिकडे फिरते. ओढ मेली की स्प्रिंग झडपेला काचेकडे ढकलून देते. बनवणाऱ्यांनी मुद्दाम तसं केलंय: पाय गारठले तर गारठू देत, पण समोरचा रस्ता दिसला पाहिजे. चढावर गाडी रेटली की इंजिनाची ओढ कमी पडते. म्हणजे कुठेतरी बारीक गळती होती. सपाटीवर इंजिन ती भरून काढत होतं, चढावर त्याला जमत नव्हतं.

गळती शोधायची रीत सोपी आहे. इंजिन चालू ठेवायचं, डॅशबोर्डखाली डोकं घालायचं आणि कान द्यायचा. जिथे फुसफुस, तिथे भोक.

मी सायमाला स्टिअरिंगवर बसवलं आणि शेजारच्या सीटच्या पायापाशी उताणा शिरलो. माझे पाय दाराबाहेर लोंबत होते. ती वाकून माझ्याकडे बघत म्हणाली, “अगंबाई, केवढं फुसफुसतंय! सौनाच्या तापल्या दगडांवर पाणी ओतल्यासारखं. येतंय ना ऐकू?”

“येतंय की,” मी म्हणालो.

कसलं येतंय! इंजिनाच्या घुमण्यापलीकडे मला काही ऐकू येत नव्हतं. चाळीस वर्षं मी जे कानानं पकडलं, ते माझ्या नाकाच्या वीतभर वर फुसफुसत होतं आणि मला पत्ता नव्हता. मला स्वतःचाच इतका राग आला की हातातला पाना फेकावासा वाटला.

मग मी जिभेवर आलो. ही आम्हा जुन्या लोकांची रीत. नळी सोडवायची, तोंडानं तिच्यातली हवा ओढून घ्यायची आणि टोकावर जीभ टेकवायची. नळी धड असली तर जिभेला धरून ठेवते. गळकी असली तर लगेच सोडते. लाल नळीनं धरली. निळीनं धरली. तोंडात धूळ, जुनं रबर आणि बहुतेक उंदराच्या लेंड्यांची चव.

आणि वर सायमा बोलत होती. तिचे ओठ मला दिसत नव्हते, नुसते तिचे बूट दिसत होते. काहीतरी चाललंय एवढं कळत होतं, शब्द एकही नाही. मी आपला मधूनमधून “हं” म्हणत होतो. मधूनच “खरंय.” गेली चार-पाच वर्षं मी या दोन शब्दांवर निभावून नेलंय, लोकांना तेवढं पुरतं. ती खूप वेळ बोलली. एकदा तिचे बूट हलायचे थांबले. उत्तराची वाट बघतेय असं वाटलं, म्हणून मी म्हणालो, “होईल सगळं नीट.”

पिवळ्या नळीनं जीभ लगेच सोडली. तिच्या टोकाला एक रबरी कोपरा असतो, तो थंडीनं तडकला होता. तो बोटांत धरून मी काही वेळ तसाच पडून राहिलो. ‘हा भाग माझ्याकडे नाही, मागवावा लागेल, गुरुवारपर्यंत थांब,’ एवढं म्हटलं की काम झालं होतं. पण गुरुवारची खुडबुड वेगळी; हातात भाग असताना गिऱ्हाइकाला अडवून ठेवायचं मी जन्मात केलं नव्हतं. आणि तिचे पाय खरोखरच गारठत होते. मी खिशातून नवा रबरी तुकडा काढला आणि बसवला.

“पंखा पूर्ण सोड!” बाहेर येऊन मी ओरडलो आणि दार लावलं.

हवा आली. कुठे आली ते सायमाच्या चेहऱ्यावरून कळलं. तिनं डोळे मिटले आणि पाय पुढे ताणले. चला, हात तरी अजून शाबूत आहेत, मला वाटलं. मी वळसा घालून तिच्या खिडकीशी गेलो. हवा आता पायाशी जात होती, त्यामुळे बाजूच्या काचांवर वाफ धरायला लागली होती. तिनं काच चार बोटं खाली केली. वरच्या फटीतून तिचे डोळे दिसत होते, तोंड वाफेमागे. ती काहीतरी बोलली. लहानसंच वाक्य. पंखा भणाणत होता, इंजिन घुमत होतं.

सगळी गिऱ्हाइकं शेवटी एकच विचारतात, आणखी काही करायचं राहिलंय का. मीही नेहमीचं उत्तर दिलं.

“काही नाही,” मी हसून म्हणालो. “जा तू बिनधास्त. पोचलीस की फोन कर.”

ते डोळे थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग काच वर गेली. गाडी रस्त्याला लागली आणि वळणावर दिसेनाशी झाली. मला वाटलं होतं ती एकदा तरी हॉर्न देईल. दिला असेल तर मला आला नाही.

डेल्मरनं कधी नव्हे ती फुकटची कॉफी अर्धी तशीच टाकली. कप ठेवून, टोपी घालून तो कामावर निघून गेला.

चार वाजता तो परत आला आणि बूट न झटकता थेट आत घुसला.

“दिवसभर डोक्यातून जात नाहीये माझ्या. तू माणूस आहेस का कोण रे?”

“काय झालं?”

“काय झालं विचारतोय! अर्धा तास ती बाई तुझ्या तंगड्यांशी बोलत होती. जायचं मनात नाही म्हणाली. तिकडे सगळे सकाळी घराबाहेर पडतात, दिवसभर भिंतींकडे बघायचं म्हणाली. तू एकदा ‘राहा’ म्हणालास तर आत्ता बॅगा उतरवते म्हणाली. आणि तू? ‘होईल सगळं नीट!’ मलाच लाज वाटली तिथे बसायची.”

“आणि खिडकीतून? खिडकीतून काय म्हणाली?”

“‘राहू का, ओन्नी?’ एवढंच विचारलं. आणि तू दात काढून म्हणालास, जा बिनधास्त.”

मी टायरवर बसलो.

“मला ऐकू येत नाही, डेल्मर.”

“म्हणजे?”

“म्हणजे ऐकू येत नाही. तिचं तर नाहीच. चार-पाच वर्षं झाली.”

आधी त्याला थट्टा वाटली. मग त्यानं टोपी काढली. “अरे मग सांगायचंस ना, गाढवा!” एवढंच त्याला सुचलं. बाहेर बर्फाची भुरभुर सुरू झाली होती, त्याला रस्त्यावर जाणं भाग होतं. जाताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. गाडीनं पाठलाग करायची वेळ केव्हाच निघून गेली होती. सायमा एव्हाना अर्ध्याहून पुढे गेली असणार.

पाचपासून मी भिंतीवरच्या फोनवर तळहात ठेवून उभा राहिलो, वाजला तर हाताला कळावं म्हणून. पाय भरून आले तरी हात काढला नाही. पावणेसातला तो हाताखाली थरथरला.

मी रिसिव्हर उचलला आणि तिला बोलूच दिलं नाही.

“सायमा, तू काही सांगू नकोस, मला ऐकू येत नाही. बहिरा झालोय मी. तुझ्यापासून लपवलं, लाज वाटत होती. सकाळी गाडीत तू जे बोललीस त्यातलं एक अक्षर मला कळलं नव्हतं. मघाशी डेल्मरनं सांगितलं. ‘जा’ म्हणालो ते दुसऱ्याच प्रश्नाला म्हणालो मी. राहा. परत ये. मला तू इथे हवी आहेस, फक्त गुरुवारी नाही, रोज.”

तिकडे ती काही म्हणत होती का, रडत होती का, की फोन मार्लिसच्याच हातात होता, मला काही कळायला मार्ग नव्हता.

“आपटल्याचा आवाज मला येतो,” मी म्हणालो. “जाडे आवाज येतात. यायचं असेल तर रिसिव्हर टेबलावर आपट. दोनदा आपट, सायमा. एकदा नको, फोन ठेवल्याचाही तसाच आवाज येतो. दोनदा.”

मी रिसिव्हर कानावर इतका दाबला की कान दुखायला लागला. एक ठोका आला, अगदी स्पष्ट. मी दुसऱ्याची वाट बघत उभा राहिलो.