स्वस्तातले पॅड

"हे घ्या, आणि आता कटकट न करता बसवून द्या," असं म्हणत दवाखान्याच्या सिस्टरनी पर्समधून एक छोटं पाकीट काढलं आणि सायकलच्या मिस्त्रीच्या पुढ्यात पान्यांच्या शेजारी ठेवलं.

मिस्त्रीने पाकिटाकडे असं पाहिलं की जणू कोणी मेलेली पाल आणून ठेवली आहे. चाकातल्या पोलादी चकतीला, म्हणजे डिस्कला, दोन्ही बाजूंनी धरणारे डिस्क ब्रेकचे पॅड आत होते. स्वस्तातले. कंपनीचं नावसुद्धा धड छापलेलं नव्हतं.

"कुठून आणलेत?"

"बाजारातून. तुम्ही ठेवत नाही ना, म्हणून."

"ठेवतही नाही आणि बसवतही नाही. ठाऊक आहे तुम्हाला."

"अहो, माझी नोकरी उरली बावीस दिवस. त्यानंतर ही सायकल माझ्या जागी येणाऱ्या नवीन पोरीकडे जाणार. एवढ्या दिवसांसाठी ते महागडे कशाला? मला काय शर्यतीत उतरायचंय?"

"बावीस दिवस म्हणजे बावीस वेळा तो उतार," मिस्त्री म्हणाला आणि सायकल उलटी करून कामाला लागला. पाकिटाला त्याने बोटसुद्धा लावलं नाही.

त्या उताराबद्दल सांगायला हवं. मिस्त्रीचं दुकान टेकडीच्या माथ्यावर. दुकानापासून पन्नास पावलांवर कोपरा, कोपरा ओलांडला की उतार सुरू, आणि उताराच्या मध्यावर पाण्याच्या टाकीपाशी एकदम काटकोनात वळण. ज्याला वळता येत नाही त्याच्यासाठी टाकीची भिंत तयार असते. सिस्टर रोज सकाळी लशींची पेटी कॅरियरला बांधून हा उतार उतरत, खालच्या वस्तीतली तान्ही बाळं, बाळंतिणी आणि खाटेवरचे म्हातारे बघत, आणि दुपारी सायकल ढकलत वर येत. दहा वर्षांपूर्वी दवाखान्याने त्यांना ही जाड टायरांची, डिस्क ब्रेकची सायकल दिली तेव्हा आख्ख्या गल्लीत अशी दुसरी नव्हती. मिस्त्रीने ती पहिल्यांदा खोलली तेव्हा नव्या नवरीसारखा घाबरला होता.

आठ वर्षांपूर्वी त्याने सिस्टरच्या सायकलला असेच स्वस्तातले पॅड बसवले होते. "चालतात हो, काही होत नाही," असं स्वतःच्या तोंडाने सांगून. दहा मिनिटांत निरोप आला की सिस्टर टाकीवर आपटल्या. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. ते जुळलं, पण पूर्ण फिरेना. अजूनही कोणी काही द्यायला लागलं की सिस्टर डावा हात पुढे करतात.

त्याच संध्याकाळी त्याने दुकानातले सगळे स्वस्तातले पॅड कचऱ्यात ओतले. तेव्हापासून कोणी गिऱ्हाईक नुसतं विचारायला आलं तरी मिस्त्रीच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. "जीव स्वस्त झालाय का तुमचा? मग घ्या. पण माझ्या दुकानात नाही." लोक म्हणायचे, मिस्त्री महागड्या कंपनीचा जावई झालाय. म्हणोत. प्लास्टर होतं ते सहा आठवडे मिस्त्री रोज सकाळी सिस्टरच्या दारात उभा राहिला. लशींची पेटी खांद्यावर घेऊन तो त्यांच्या मागोमाग घरोघर हिंडला. दुकान उघडायला दुपार व्हायची. सिस्टर नको नको म्हणायच्या आणि मिस्त्री ऐकू न आल्यासारखं करायचा.

त्याचं आणि सिस्टरचं नातं त्याहून जुनं होतं. सव्वीस वर्षांपूर्वी मिस्त्रीला लेक झाली ती दिवस भरायच्या आत, ओंजळीत मावेल एवढी. डॉक्टर बोलताना मान खाली घालायचे. सिस्टर तेव्हा नव्या होत्या, पायीच फिरायच्या. त्यांनी त्या जिवाला कापसात गुंडाळलं, मिस्त्रीच्या बायकोला छातीशी कसं धरायचं ते शिकवलं, आणि महिनाभर रोज दोनदा टेकडी चढून घरी आल्या. त्या पोरीचं नाव सिस्टरनीच चिमणी पाडलं. चिमणी आता बापाहून वीतभर उंच आहे, मोठ्या शहरात बस चालवते, आणि घरी आली की ब्रेक कसे लावायचे ते बापालाच शिकवते.

असं कुणी आपल्या घरात केलं तर त्याची परतफेड कशी करायची? मिस्त्रीला एकच गोष्ट यायची. इतर सायकली तो दुरुस्त करून धुळीसकट परत द्यायचा. कोणी कुरकुर केली तर म्हणायचा, "हे दुकान आहे, न्हाणीघर नाही." सिस्टरच्या सायकलवर मात्र काम संपलं की खिळ्यावरचं फडकं काढून तो शेवटचा हात फिरवायचा. नळ्या, तारा, हँडल आणि सगळ्यात शेवटी दोन्ही डिस्का. चेहरा दिसेपर्यंत.

आजही त्याने तेच केलं. त्याचे आवडते महागडे पॅड बसवले, फडक्याने डिस्का आरशासारख्या केल्या आणि सायकल सरळ उभी केली.

"झालं?" सिस्टर म्हणाल्या. त्या काहीतरी बोलणार होत्या. तोंड उघडलं, मिटलं, आणि हँडल धरून त्या सायकलबरोबर चालू लागल्या.

हे मिस्त्रीला सगळ्यात जास्त लागायचं. अपघातापासून सिस्टर त्याच्या दारात कधीच सायकलवर बसल्या नव्हत्या. कोपऱ्यापर्यंत पायी न्यायच्या. ती भीती आपण घातली, असं त्याला प्रत्येक वेळी वाटायचं आणि प्रत्येक वेळी तो मान वळवून दुसऱ्या कामाला लागायचा.

या वेळी मान वळवली तर समोर ते पाकीट. "अरे देवा, विसरल्या," असं पुटपुटत ते उचलून तो धावत सुटला.

कोपऱ्यावरच्या पायरीशी सिस्टर उकिडव्या बसल्या होत्या. सायकल भिंतीला टेकवलेली. डाव्या हातात कापसाचा बोळा होता आणि त्या पुढच्या चाकाची डिस्क पुसत होत्या, बाळाचा दंड इंजेक्शनच्या आधी पुसतात तशी. स्पिरिटचा वास येत होता.

"सिस्टर?"

त्या दचकल्या. कॉपी करताना पकडलेल्या पोरीसारखा चेहरा झाला. कापूस हातातून सुटून पायरीवर पडला. तो काळा झाला होता.

मिस्त्रीने कापसाकडे पाहिलं. मग डिस्ककडे. आयुष्य तेलाग्रीसमध्ये गेलेल्या माणसाला आणखी काही सांगावं लागत नाही. त्याच्या फडक्यात कायम तेल असायचं. तेलाशिवाय चकाकी येते कुठे! ते तेल डिस्कवर, डिस्कवरून पॅडमध्ये. मग पॅड सोन्याचे का असेनात, ते धरणार कशाला?

"कधीपासून पुसताय?" त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना.

"प्लास्टर निघाल्यापासून."

"म्हणजे तेव्हाच कळलं होतं?"

"पडले त्याच दिवशी. भिंतीला टेकून बसले होते, सायकल समोरच पडली होती. डिस्कला बोट लावलं तर बुळबुळीत. वास तुमच्या फडक्याचा."

मिस्त्री पायरीवर मटकन बसला. "म्हणजे मी पाडलं तुम्हाला."

सिस्टर पेशंटशी कधी खोटं बोलल्या नव्हत्या. "हो," त्या म्हणाल्या.

"आठ वर्षं! अहो, एका शब्दाने सांगायचं नाही?"

"कसं सांगणार? तुम्ही रोज सकाळी दारात उभे. त्या पेटीच्या पट्ट्याने तुमचा खांदा सोलून निघाला होता, मला दिसत होतं." त्यांनी उजवं मनगट डाव्या हातात धरलं. "शिकत असताना माझ्या हातून एक इंजेक्शन चुकलं होतं. मोठ्या सिस्टरनी वॉर्डभर ऐकवलं. पेशंट ठणठणीत होऊन घरी गेला, माझा हात मात्र वर्षभर थरथरायचा. मला थरथरत्या हाताचा मिस्त्री नको होता."

"आणि बाकीची गिऱ्हाइकं? त्यांचं काय झालं असतं?"

"बाकीच्यांची सायकल तुम्ही कधी पुसलीत? नजर ठेवून होते मी. पुसायला लागला असतात तर त्याच दिवशी बोलले असते."

त्याच्या दुकानातून बाहेर पडलेल्या सगळ्या सायकलींमध्ये घात फक्त एकीचा झाला होता, आणि तो त्याच्या मायेने केला होता. दुकानाला कुलूप लावून निघून जावं असं एक क्षण त्याला वाटलं. पण ही बाई आठ वर्षं मोडलेलं मनगट घेऊन इथे उकिडवी बसत होती. दुसरा मिस्त्री गाठणं किती सोपं होतं! चार गल्ल्या सोडून दुसरं दुकान आहे, मोठं, पाटीवर दिवे लागतात. तिथे न जाता ती त्याच्याकडेच येत राहिली आणि कापूस घेऊन त्याची चूक पुसत राहिली.

"तुमचे उपकार तरी किती घ्यायचे माणसाने," तो म्हणाला आणि बाहीने डोळे पुसले. बाहीलाही तेल होतं, त्यामुळे गालावर काळा फराटा उमटला.

"घ्या, आता तोंडही पॉलिश झालं," सिस्टर म्हणाल्या आणि दोघंही हसले.

"मग आज हे पाकीट कशाला आणलंत?"

"जायच्या आधी सांगायचं होतं. तोंड उघडेना. म्हटलं, हे पॅड बसवले की तिथेच म्हणेन, आज फडकं नको, आणि मग बघा हे धरतात की नाही. पण तुम्ही पाकिटाला शिवायलाच तयार नाही. बिचाऱ्यांनी आठ वर्षं फुकट शिव्या खाल्ल्या."

मिस्त्री उठला. "चला परत."

दुकानाच्या मागच्या नळावर सिस्टरनी त्याला हात धुवायला लावले. साबण, मग बोटांच्या बेचक्या, मग अंगठे, मग नखं. "पुन्हा," त्या म्हणाल्या, आणि मिस्त्रीने पुन्हा धुतले. आधी त्याने मघाचेच पॅड पुन्हा बघितले. त्यांवर अजून ब्रेक दाबला गेला नव्हता, म्हणजे तेल शिरलं नव्हतं, तरी आज सिस्टरचेच बसवायचे म्हणून त्याने ते काढून बाजूला ठेवले. मग पाकीट फोडलं. पॅड उजेडात धरले, नखाने टोकरले, कडेवर बोट फिरवलं. आठ वर्षांनी तो त्यांच्याकडे धड बघत होता.

"कसे आहेत?" सिस्टरनी विचारलं.

"पत्रा पातळ आहे. पावसाचिखलात भराभर झिजतील. लांब उतारावर तापले की जरा ढिले पडतील, म्हणून दाबून न धरता सोडत सोडत लावायचे." त्याने एक कड कानशीने हलकेच घासली. "पण वाईट नाहीत. रोज थोडं फिरणाऱ्याने डोळे झाकून घ्यावेत. फक्त महिन्याला एकदा बघायला आणायचे. नव्या पोरीला सांगा तसं."

सिस्टरनी दोन्ही डिस्का पुन्हा स्पिरिटने पुसल्या आणि पॅड बसले. पण नवे पॅड लगेच धरत नाहीत, त्यांना आधी डिस्कची सवय लावावी लागते. आठ वर्षांपूर्वी तेही राहूनच गेलं होतं. मिस्त्री स्वतः सायकलवर बसला. सपाट गल्लीत जोरात न्यायची, ब्रेक दाबायचा, पुन्हा न्यायची, पुन्हा दाबायचा. तीस वेळा. समोरचा शिंपी मशीन थांबवून ओरडला, "मिस्त्री, या वयात सायकल शिकताय काय?" तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं तर स्टुलावर बसलेल्या सिस्टरनी सांगितलं, "सायकल ठेवून जा. फडक्याला हात लावू नका."

शेवटी तो एकटा उतारावरून खाली गेला. टाकीचं वळण अंगावर येऊ लागलं. त्याने ब्रेक लावला, सोडला, लावला. सायकल भिंतीपासून चांगली हातभर अलीकडे शांतपणे उभी राहिली. मिस्त्री उतरला, भिंतीवर तळवा टेकून थोडा वेळ उभा राहिला आणि सायकल ढकलत वर आला.

दारात त्याचा हात सवयीने खिळ्याकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला. सायकलच्या नळ्यांवर धूळ होती, तारांवर उताराची माती होती. अशी सायकल त्याने सिस्टरच्या हातात कधी दिली नव्हती. त्याला ओशाळल्यासारखं झालं.

"द्या," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी सायकल घेतली, पेटी बांधली, पर्स हँडलला अडकवली. मग तिथेच, दुकानाच्या दारात, पाय टाकून त्या सीटवर बसल्या, एकदा घंटी वाजवली आणि निघाल्या.

थोड्या वेळाने मिस्त्री कोपऱ्यापर्यंत चालत गेला. कोपऱ्यावर कोणी नव्हतं. पायरीवर मघाचा काळा बोळा तेवढा पडला होता. त्याने तो उचलला, धुतलेल्या हाताने, आणि शर्टाच्या खिशात ठेवला.