एकट्या क्रेगसाठी

माझी भाची मिरेय हिने क्रेगशी लग्न केलं आणि आमच्या रविवारच्या जेवणाची वाट लागली. टेबलाशी आम्ही अकरा जण फ्रेंच, तो एकटा इंग्रजीवाला. आणि बोलणं कोणत्या भाषेत? इंग्रजीत! पाहुण्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणे. चार वर्षं झाली, अजून पाहुणाच! कॅनडातल्या या मॅनिटोबा प्रांतात आम्हा फ्रेंच लोकांना या सभ्यपणानेच बुडवलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

वसंतात बाबांना अर्धांगाचा झटका आला. त्यात त्यांचं इंग्रजी जवळजवळ पुसलं गेलं, जन्मापासूनची फ्रेंच तेवढी उरली. तरी आमचं इंग्रजी आपलं चालूच. म्हातारा स्वतःच्या टेबलाशी मुका होऊन वाटाण्याचं सूप ढवळत बसायचा.

कालचं जेवण त्यांचं या घरातलं शेवटचं. आज त्यांना विनिपेगच्या वृद्धाश्रमात न्यायचं होतं. बाबांनी टेबलावर थाप मारली आणि फ्रेंचमध्ये सुरू केलं, "हे टेबल तुमच्या आईने..."

"काय क्रेग, हॉकीत कोण जिंकलं?" माझा भाऊ ऑरेल मध्येच इंग्रजीत म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. मी हातातला डाव आपटला. "बास झालं! आज या घरात फ्रेंचच बोलायचं! त्यांना बोलू द्या की जरा! लाजा कशा वाटत नाहीत तुम्हाला?"

क्रेगचे कान लाल झाले. धाकटी झिझेल हळूच म्हणाली, "ताई, तू आत्ता इंग्रजीतच ओरडलीस."

खरं होतं. क्रेगला कळावं म्हणून!

बाबांनी क्रेगच्या हातावर हात ठेवला आणि इंग्रजीत गोष्ट सांगायला लागले. एकेका शब्दासाठी कपाळावरची शीर तट्ट फुगत होती. "टेबल... माझी बायको... पैसे नाही... सुतार... तिने दिली..." तिथे अडले. "डुकरीण," असं फ्रेंचमध्ये पुटपुटले आणि आमच्या तोंडांकडे बघत राहिले.

'बाबा, आपल्या भाषेत सांगा,' एवढंच कुणीतरी म्हणायचं होतं.

आम्ही दहाही जणांनी एका दमात इंग्रजी शब्द पुरवला. सगळ्यात मोठा आवाज माझा होता.