दक्षिण काठाने

दोन वाजून गेले तरी फोन वाजला नाही, तेव्हा नकाशेकाका तिसऱ्यांदा टायरची चळत नीट करायला उठले. ती आधीच नीट होती.

दुकान त्यांच्या थोरल्या मुलीचं. सायकली भाड्याने देणं, पंक्चर काढणं, पाहुण्यांना समजावून सांगणं, हे सगळं थोरली बघायची. काकांचं काम एकच, वाटा शोधायच्या. नवख्या माणसाला जिना चढतानाही धाप लागावी इतक्या उंचावर, तलावाभोवती आणि वरच्या पठारावर, त्यांनी सायकलसाठी खडीच्या अकरा वाटा शोधल्या होत्या. प्रत्येक वाटेची दोन पत्रकं, एक सुलट, एक उलट. पाणी कुठे, वाळू कुठे, रस्ता कुठे इतका खडबडीत की हाडं खिळखिळी व्हावीत, आणि कुठे किती वेळात पोचाल. त्यांचा नियम असा, की वाट दोन्ही बाजूंनी स्वतः चालवून पाहायची. जातानाचा उतार येताना चढ होतो, हे घरबसल्याही कळतं. वारा मात्र अंगावर घेतल्याशिवाय कळत नाही. काका चाक फिरवल्याशिवाय रेघ ओढत नाहीत, असं गावात म्हणत. काकांना ते ऐकायला आवडायचं. कुणाला नाही आवडणार?

सकाळी सातला दोघं निघाली होती. एक दातांची डॉक्टरीण आणि तिचा नवरा, पन्नाशीची, तीन दिवस गावात राहून हवेला सरावलेली. तलावाची पूर्ण फेरी, चौऱ्याऐंशी किलोमीटर. एरवी लोक उत्तर काठाने जातात आणि दक्षिण काठाने परततात. डॉक्टरीणबाईंना दक्षिण काठावरचे पक्षी सकाळी बघायचे होते, म्हणून थोरलीने उलट फेरीचं पत्रक दिलं. “बाबांनी चालवलंय. काही त्रास नाही,” तीच म्हणाली होती. पत्रकात लिहिलं होतं, पलीकडच्या टोकाला, मिठाच्या पडक्या गोदामापाशी, पाच तासांत. तिथे फोन लागतो. तिथून दुकानात कळवायचं. दोनपर्यंत कळवलं नाही, तर जीप निघते.

जीपवाला सव्वादोनला आला. थोरलीने नकाशा टेबलावर पसरला.

“विसरले असतील फोन करायला,” जीपवाला म्हणाला. “गेल्या महिन्यात ते दोघे भाऊ नाही का, आपण शोधत बसलो आणि ते खोलीवर जाऊन झोपले होते.”

“बाराला गोदामापाशी,” थोरली पत्रकावर बोट ठेवत म्हणाली. “म्हणजे आत्ता उत्तर काठाने परत येत असणार. तू उत्तरेने जा, वाटेतच भेटतील. नाहीच भेटले, तर तसाच पुढे जाऊन दक्षिणेने ये.”

“पूर्ण फेरीला पाच तास जातील मला. अंधार पडेल.”

“वेळच नाही यायची. आधीच भेटतील.”

काका टेबलापाशी येऊन उभे राहिले. “मला वाटतं, दक्षिणेने जावं,” ते म्हणाले, चहात साखर कमी आहे म्हणावं इतकं साधं.

“का हो काका?”

“असंच. वारा आहे आज.”

“वारा तर रोजच असतो,” जीपवाला म्हणाला. “खरं सांगू? मलाही वाटायचं, दहानंतर त्या काठाने समोरचा वारा झेलत पश्चिमेकडे सायकल हाकणं माणसाचं काम नाही. पण तुम्ही चालवलंय म्हटल्यावर मी कोण बोलणारा? तुमच्याच कागदाचं ऐकतोय.” त्याने किल्ली उचलली.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणतात. मूठ झाकणाऱ्याचे हात किती दुखतात, ते कुणी म्हणत नाही.

दोन वर्षांपूर्वी काका ती उलट फेरी करायला निघाले होते हे खरं. नवव्या किलोमीटरला छातीवर कुणीतरी बसल्यासारखं झालं. ते मेंढपाळांच्या दगडी भिंतीआड टेकले आणि दिवसभर तिथेच राहिले. डबा खाल्ला. मग वहीत सुलट फेरीचे आकडे पाहून उलट फेरीचे आकडे बनवले, वाऱ्याचा म्हणून अर्धा तास वाढवला, आणि सावल्या लांबल्यावर घरी आले. थोरलीने विचारलं, “झालं का?” ते म्हणाले, “झालं.” एवढंच. खोटं बोलायला माणसाला भाषण करावं लागत नाही. छातीचं सांगितलं असतं तर सायकल गेली असती, आणि सायकल गेल्यावर नकाशेकाकांचं उरतं काय? उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना त्यांनी जन्मभर नावं ठेवली होती.

बाहेर जीपचं इंजिन सुरू झालं.

काका धावले. खरोखर धावले, आणि जीपच्या दाराला धरून वाकून उभे राहिले. श्वास पुरेना. थोरली मागून आली.

“मी ती बाजू चालवलेली नाही,” ते म्हणाले.

“काय?”

“नऊ किलोमीटर गेलो. पुढचे आकडे मनाचे आहेत. पाच तास नाही लागत, आठ लागतील, नऊ लागतील. ते अजून दक्षिणेलाच आहेत, गोदामाच्या कितीतरी अलीकडे. उत्तरेने जाऊ नका.”

जीपवाल्याने थोरलीकडे पाहिलं. तिने मागचं दार उघडलं, ऑक्सिजनचा सिलिंडर आणि दोन रजया आत टाकल्या आणि पुढे बसली. काका न विचारताच मागे चढले. त्यांना कुणी या म्हटलं नाही, राहा असंही म्हटलं नाही.

दक्षिण काठावर वारा एवढा होता, की जीपचं दार उघडायला दोन्ही हात लागत. तलाव पांढरा झाला होता. काका खिडकीतून प्रत्येक खडकाआड बघत होते आणि मनात एकच घोकत होते, बसलेले दिसू देत, आडवे नकोत.

सव्विसाव्या किलोमीटरला दोन सायकली पडलेल्या दिसल्या. डॉक्टरीणबाई रस्त्याखालच्या मोरीत नवऱ्याला मिठीत धरून बसल्या होत्या. त्याचे ओठ निळे पडले होते. तो काहीतरी बोलत होता, पण त्यात कशाचा कशाला मेळ नव्हता. थोरलीने मास्क लावला, जीपवाल्याने त्याला उचललं. पाण्याच्या बाटल्या केव्हाच्या रिकाम्या होत्या.

परत येताना बाई काकांच्या शेजारी बसल्या. तोंडाला कोरड पडलेली, तरी बोलायच्या थांबायला तयार नव्हत्या.

“तुम्हीच ना पत्रक लिहिणारे? माफ करा हं, तुमची धावपळ झाली. हे दहा वाजताच म्हणत होते, परत फिरू. मीच म्हटलं, पत्रकात पाच तास लिहिलेत, आपणच कमी पडतोय. लाज वाटली हो. म्हटलं, जरा जोर लावू या.”

काकांनी तोंड उघडलं. पुढच्या सीटवर थोरलीची मान ताठ झालेली त्यांना दिसली.

“तुम्ही कमी नाही पडलात,” ते म्हणाले. “पत्रक खोटं होतं.”

बाईंना ते नीट कळलं नसावं. त्या नवऱ्याचा हात चोळत राहिल्या.

दवाखान्यात नवऱ्याला आत नेलं. तासाभराने नर्सने येऊन सांगितलं, की जीव वाचला, आणखी दोन तास उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं, उद्या सकाळी त्याला खाली, कमी उंचीवर न्यावं लागेल. जीपवाला तोंड धुवायला गेला. बाकावर बापलेक राहिले.

आता ती छातीचं विचारेल, असं काकांना वाटलं. कधीपासून दुखतंय, सांगितलं का नाही, मी मेले होते का. उत्तरं त्यांनी जीपमध्येच तयार केली होती. ती रागावेल, मग रडेल, मग डॉक्टरकडे घेऊन जाईल. तेवढं रागावणं त्यांना हवंच होतं.

थोरली समोरच्या भिंतीकडे बघत होती. “अकरा वाटा,” ती म्हणाली. “दोन्ही बाजू धरून बावीस पत्रकं. त्यातली अशी किती?”

काकांनी हात मांडीवर पुसले. “चार.”

“उद्या सकाळी सहा जण पठारावर जायचेत. मी पैजेवर सांगते त्यांना, बाबांनी चालवलंय म्हणून.” ती पहिल्यांदा त्यांच्याकडे वळली. डोळे कोरडे होते. “नक्की चार?”

आतून ऑक्सिजनचा बारीक सूं आवाज येत होता. काकांनी मान खाली घातली.

“सात,” ते म्हणाले.