नंबराची जागा

तपासनीस वफीकनं इंजिनामागच्या पत्र्यावर शिसपेन्सिल आडवी धरून घासली, वर चिकटपट्टीचा वीतभर तुकडा दाबला, अंगठ्यानं दोनदा रेटला आणि हलकेच उचलला. पट्टी उन्हात धरून तो बघत राहिला. मग त्यानं दुसरा तुकडा तोडला.

“पुसू नकोस रे सारखं,” तो मान वर न करता म्हणाला. “मी हात लावला की तुझं फडकं फिरलंच. गाडी आहे की नवरी?”

“बोटं उमटतात, साहेब,” शुक्री म्हणाला आणि त्यानं पुन्हा पुसलं.

अलेक्झांड्रियाच्या त्या वाहनतपासणीच्या आवारात सकाळपासून टॅक्सीवाल्यांनी आपापल्या रांगा सोडून या पांढऱ्या फियाटभोवती कडं केलं होतं. साठ वर्षांची जुनी, अकराशे मॉडेलची. बंपर असा चकचकीत, की एकानं त्यात बघून मिशी सारखी केली. दार लावलं की ‘टक्’ एवढाच आवाज यायचा, आणि तो ऐकायला लोक दार पुन्हा पुन्हा उघडायला सांगत होते.

“काका, ही चालवायची, की मौलिदच्या जत्रेतल्या साखरेच्या बाहुलीसारखी चाटायची?” एक पोरगेला टॅक्सीवाला म्हणाला.

“आधी हात धुऊन ये, मग सांगतो.”

सगळे हसले. शुक्रीही हसला. दहा वर्षांत त्याला इतकं सुख झालं नव्हतं. हौसेला मोल नसतं म्हणतात. म्हणणारे बहुतेक दुसऱ्याची हौस बघणारे असतात. शुक्री विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांची बांधणी करायचा. उरलेला सगळा वेळ, सगळे शुक्रवार, सगळ्या रजा या गाडीनं खाल्ल्या होत्या. काच वर-खाली करायच्या एका दांड्यासाठी तो कैरोच्या भंगारबाजारात तीन हिवाळे फिरला. एक अख्खा हिवाळा पेट्रोलची टाकी घरातल्या न्हाणीच्या टबात भिजत पडली होती. मेहुणीनं घरी येणं सोडलं, भाच्याच्या लग्नात हा वरातीनंतर पोचला, तोही नखांत काळं घेऊन. पण इंजिन पहिल्यांदा धडधडलं त्या दिवशी तो गॅरेजमध्ये एकटाच खदाखदा हसला होता, आणि ते हसू त्यानं कुणाला सांगितलंही नव्हतं. सांगायला घरात ऐकणारं कुणी राहिलं नव्हतं.

म्हणजे बायको होती, सुहैर. आत्ताही होती. भिंतीलगतच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर भरलेल्या द्राक्षपानांचा डबा घेऊन बसली होती. गाडी तिच्या वडिलांची. ते गेल्यावर कागदोपत्री तिच्या नावावर आलेली, म्हणून सही करायला तिला यावंच लागलं होतं. गाडी उघड्या ट्रकवरून आवारात उतरवली तेव्हाही ती खुर्चीवरून हलली नव्हती.

शुक्रीला आजच्या दिवसाकडून एकच हवं होतं. परवाना हातात पडला की सुहैरला पुढच्या सीटवर बसवायचं आणि समुद्राकाठच्या रस्त्यानं थेट अबू किरला मासे खायला जायचं, तिचे बाबा दर शुक्रवारी न्यायचे तसं. एकदा ती त्या सीटवर बसली की मागची दहा वर्षं तिला पटतील, असं त्यानं मनाशी धरलं होतं. काल रात्री त्यानं विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, “बघू.” तेवढ्या ‘बघू’वर तो पहाटेपर्यंत जागा होता.

वफीकनं तिसरी पट्टी उचलली. तीही कोरी. नुसता करडा डाग.

“चासीचा नंबर कुठाय, शुक्रीभाऊ?”

“तिथंच की. सगळ्या अकराशेंचा तिथंच असतो, साहेब. नीट घासा.”

“तिसऱ्यांदा घासतोय. तूच ये, दाखव.”

शुक्री हसतच वाकला. रंग आरशासारखा होता. त्यात त्याला स्वतःचं तोंड दिसलं. मग त्याला आठवलं, आणि तोंडचं पाणीच पळालं.

त्या जागी बॅटरीचं आम्ल सांडून सांडून पत्रा भिजल्या बिस्किटासारखा झाला होता. त्यानं आधी ग्राइंडर मारून बघितला. मग कुजका भाग चौकोनी कापून काढला, नवा पत्रा बसवला, वेल्डिंग केलं, सांधा महिनाभर घासला. मित्रांना गॅरेजमध्ये बोलावून तो म्हणाला होता, “सांधा शोधून दाखवा, जेवण माझ्याकडून.” कुणालाही सापडला नव्हता. कापलेला तुकडा बाकीच्या कचऱ्याबरोबर भंगारवाल्याच्या हातगाडीत गेला होता. गल्लीतला कुठलाही पत्रेवाला त्या नंबराला हात लावत नाही. त्याच्याकडं काल लागलेल्या पोऱ्यालाही ते ठाऊक असतं. पण शुक्रीनं गल्लीतल्या पत्रेवाल्याला गाडीजवळ फिरकू दिलं नव्हतं. ते लोक रंगाखाली घाण लपवतात, असं तो म्हणायचा. अति तिथे माती, दुसरं काय.

“पत्रा बदललास?” वफीकनं हळू विचारलं.

“हो.”

“नंबरासकट?”

शुक्रीच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. टॅक्सीवाल्यांतला कुणीतरी “अल्लाच वाली” असं पुटपुटला आणि कडं पातळ होत गेलं. नंबर नसलेली गाडी म्हणजे चोरीची गाडी, हे त्या आवारात सगळ्यांना कळतं, आणि तिच्याजवळ उभं राहिलेलं कुणाला दिसायचं नसतं.

अधिकारी शिहाता यांच्या खोलीत पंखा होता आणि चहा होता. त्यांनी सुहैरला खुर्ची दिली, शुक्रीला उभंच ठेवलं आणि कागद दोनदा वाचले.

“वीस वर्षं या खुर्चीत बसलोय,” ते म्हणाले. “नंबर घासणारे चोर पुष्कळ पाहिले. सासऱ्याच्या गाडीचा नंबर हौसेनं कापून भंगारात घालणारा मात्र तूच पहिला, बाबा.”

“साहेब, कागद सगळे आहेत. इंजिनाचा नंबर जुळतो.”

“इंजिन काय, उद्या कुणीही बदलेल. चासीला नंबर नाही, तर गाडी कुणाची हे मी कशावरून म्हणू? तुझ्या तोंडाकडं बघून?” त्यांनी चहाचा घोट घेतला. मग त्यांना कीव आली असावी. “एक वाट आहे. सरकारी प्रयोगशाळेत पाठवू. घासलेला नंबर आम्ल लावल्यावर वर येतो कधीकधी. वेळ लागेल. पण घासलेला असेल तर आशा आहे. घासलायस ना?”

दारात उभ्या असलेल्या वफीकनं शुक्रीकडं पाहिलं. त्याला खरं ठाऊक होतं. शुक्रीनं नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर चार-सहा महिने गाडी वाचत होती, आणि चार-सहा महिने सुहैरला ‘बघू’ म्हणायला जागा उरत होती. शुक्रीनं बायकोकडं पाहिलं. ती डब्याच्या झाकणावरून बोट फिरवत होती.

“घासलेला नाही, साहेब,” तो म्हणाला. “पत्राच नवा आहे. काही वर येणार नाही.”

“मग संपलंच.” शिहातांनी पेन उघडलं. “गाडी इथंच राहील. प्रकरण सरकारी वकिलांकडे जाईल. माणूस म्हणून तुला सोडतील, पण ही रस्त्यावर येईल असं मला वाटत नाही. बहुधा तोडायचा हुकूम निघेल. आता जबाब घेऊ, म्हणजे निदान चोरीचं किटाळ तरी तुझ्यावर नको. काम केलं कधी? तारीख सांग.”

शुक्रीला पत्र्याची जाडी आठवत होती. कोणत्या नंबरचा पॉलिशपेपर वापरला, तार कुठली, तेही आठवत होतं. तारीख आठवेना.

“सहा-सात वर्षं झाली. ऊन होतं. बहुतेक वसंत...”

“ऊन होतं! ऊन लिहू का मी जबाबात?”

“शम्म नसीमचा सण,” सुहैर म्हणाली. “सात वर्षांपूर्वीचा. सकाळी साडेअकरा.”

शिहातांनी मान वर केली. “तुम्हाला वेळसुद्धा आठवते, बाई?”

“मी तिथं होते.”

“तू?” शुक्री वळला. “तू कधी आलीस गॅरेजवर?”

तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. जबाब अधिकाऱ्याला द्यायचा असतो, तसा ती त्यांनाच देत राहिली.

“बाबांना घेऊन गेले होते. टॅक्सीनं. दर शम्म नसीमला ते आम्हाला गाडीतून मुन्तझाच्या बागेत न्यायचे. सगळं शहरच जातं, खारवलेले मासे आणि कांद्याची पात घेऊन. गाडी तेव्हा चांगली चालत होती, साहेब. दाराखाली थोडा गंज होता, एवढंच. हा म्हणाला, ‘काका, दोन महिने द्या, नवी करून देतो.’ बाबांनी किल्ली दिली. किल्ली देऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. त्यांना तोवर बरंच विसरायला झालं होतं. माझं नावही विसरायचे. पण त्या दिवशी सकाळी उठले, दाढी केली, कोट घातला आणि म्हणाले, ‘चल, गाडी आणू.’”

पंखा फिरत होता. शिहातांचं पेन थांबलं होतं.

“गॅरेजचं दार अर्धं उघडं होतं. हा आत होता. तोंडावर काचेचा मुखवटा, ठिणग्या उडत होत्या. गाडीला दारं नव्हती, चाकं नव्हती, इंजिन नव्हतं. तो इंजिनामागचा पत्रा हा कापत होता. मी पाहिलं. लिहा.”

शिहातांनी लिहिलं. सगळं नाही, तारीख, वेळ, आणि मालकिणीनं स्वतः पाहिलं एवढंच. लिहून झाल्यावर ते म्हणाले, “चांगलं झालं. साक्ष आहे म्हणजे याला त्रास नाही.” त्या शम्म नसीमच्या पुढच्याच महिन्यात बाबा वारले, हे शुक्रीला तिथं उभ्या उभ्या आठवलं. दफनाला जाताना तो मेहुण्याला म्हणाला होता, “काकांना एक फेरी मारून आणायची राहिली रे.” आणि मेहुण्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला होता.

त्यानं सही केली. तिनं सही केली. किल्ली पाकिटात गेली, पाकिटाला डिंक लागला.

बाहेर फियाट रांगेतून काढून जप्तीच्या गाड्यांजवळ नेली होती. शेजारी एक चेपलेली मिनीबस होती. वफीकनं बॉनेट लावून टाकलं होतं आणि पुढच्या काचेवर एक कागद डकवला होता. डिंकाचा ओघळ काचेवरून खाली आला होता. शुक्रीचा हात खिशातल्या फडक्याकडं गेला. मग तो तसाच पुढं चालू लागला.

सुहैर मात्र थांबली. त्या दिवसात पहिल्यांदाच ती गाडीजवळ गेली. काचेला कपाळ टेकून तिनं आत पाहिलं. पुढची सीट, स्टिअरिंग, घड्याळ. बराच वेळ पाहिलं.

“छान झालीय,” ती म्हणाली.

शुक्रीला त्यापेक्षा तिनं तोंडात मारलेली चालली असती.

ट्रामच्या थांब्यावर बाकडं रिकामं होतं. समुद्राकडून खारट वारा येत होता, ज्या वाऱ्यानं या शहरातल्या सगळ्या गाड्या कुजतात तोच. दोघं बसली. डबा त्यांच्या मध्ये होता. एक ट्राम गेली.

“हाक का नाही मारलीस?” शुक्रीनं विचारलं. “एक हाक मारायचीस, सुहैर. मी थांबवलं असतं. मी त्यांना तसंच नुसतं बसवलं असतं गं, खोक्यावर तर खोक्यावर.”

“मारली.”

“कधी?”

“दोनदा मारली. तुझं यंत्र चालू होतं. तिसऱ्यांदा मारणार, तर बाबांनीच हात धरला माझा. म्हणाले, ‘त्रास देऊ नकोस त्याला. कुणा परक्याची मोडकी गाडी नीट करतोय बिचारा. आपली झाली की तोच बोलवेल.’”

शुक्री समोरच्या रुळांकडं बघत राहिला. त्यानं विचारलं,

“मग?”

“मग काय, घरी आलो. मी कोट काढून ठेवते म्हटलं, तर देईनात.” तिनं डबा मधून उचलून पुन्हा मांडीवर घेतला. “दिवेलागणीपर्यंत बूट घालून दाराशी बसले होते. दर थोड्या वेळानं विचारायचे, शुक्रीचा निरोप आला का.”